गाडी किती दिवसांनी धुवायची? कोकणात वेगळं, विदर्भात वेगळं

गाडी कुठे उभी असते, त्यावर हे ठरतं. मालवण, रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर आठवड्यातून एकदा धुवाच, आणि खालची बाजूही. समुद्री वाऱ्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे पत्रा ओलसर राहतो आणि लवकर गंजतो. आपण बॉनेट चकाचक करत बसतो, गंज मात्र खालून खात येतो. गाडी विकायला काढली की मग कळतं.

नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुतली तरी चालेल. तिथे खरा प्रॉब्लेम धुळीचा. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची सवय असेल तर आजच बंद करा. फोनच्या स्क्रीनवर वाळू घासण्यासारखंच आहे ते. रंगावरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो. आधी पाणी मारा, मग पुसा. भर उन्हात धुऊ नका, बोअरचं पाणी वाळून पांढरे डाग राहतात.

पावसाळ्यात ‘पाऊस धुतोय की’ म्हणून सोडू नका. चाकांच्या वर, आतल्या बाजूला अडकलेला चिखल दिवसेंदिवस ओला राहतो. दर आठवड्याला तिथे पाइप मारा.

पक्ष्यांची घाण मात्र कुठेही, त्याच दिवशी काढा. कपड्यांची पावडर नको, वॅक्स निघून जातं. कार शाम्पूच वापरा.