मुंबईचा साग आणि कॉबसाहेबांचं वेड

आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढून डोकं पिकलं, की शनिवारी मी जुन्या जहाजांबद्दल वाचत बसतो. (हसू नका, लोक क्रिकेटचे आकडे पाठ करतातच की!) लाकडी जहाज टिकतं ते लाकडामुळे की मालकामुळे, हा प्रश्न त्यातूनच डोक्यात शिरला.

तर मंडळी, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. नेपोलियनच्या लढायांनी इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला होता, आणि इकडे मलबारचा साग होता. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे आत ठोकलेले लोखंडी खिळे सहसा गंजत नाहीत. ओकमधलं आम्ल मात्र तेच खिळे खाऊन टाकतं. गंमत म्हणजे जहाजाचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ १८१२ साली अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्राझीलजवळ पकडलं आणि मग जाळून टाकलं. नकाशेही गेले! दुसरी प्रत पाठवावी लागली. बॅकअप ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो ते उगाच नाही.

पण साग कितीही चिवट असला तरी भंगारवाल्यापुढे त्याचं काय चालणार? १८९७ साली ‘त्रिंकोमाली’ मोडीत निघाली. आणि इथे येतात जॉफ्री व्हीटली कॉब. हा पैसेवाला गृहस्थ लाकडी जहाजांच्या प्रेमात पार बुडालेला. नेल्सनचं ‘फुद्रोयां’ भंगारात चाललेलं पाहून त्याने १८९२ साली ते विकत घेतलं, नीट करून लोकांना दाखवत फिरवलं. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं. दुसरा कोणी असता तर कानाला खडा लावला असता. याने फुटक्या जहाजाच्या लाकडाच्या आणि तांब्याच्या आठवणवस्तू करून विकल्या, आणि त्याच वर्षी आपली ‘त्रिंकोमाली’ घेतली!

फक्त तिचं नाव बदलून ‘फुद्रोयां’ ठेवलं. हे मला आवडलेलं नाही. गेलेल्या जहाजाचं दुःख समजू शकतो, पण मुंबईच्या जहाजाची ओळख त्यापायी पुसली गेली. अर्थात नाव गेलं पण जहाज राहिलं, हेही खरं. मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी ते १९८६ पर्यंत वापरात होतं.

माणूस नसला की काय होतं तेही बघा. ‘इम्प्लॅकेबल’ हे मूळचं फ्रेंच जहाज, ट्रॅफल्गारला इंग्रजांविरुद्ध लढलेलं. १९१२ पासून तेही कॉबने सांभाळलं. १९३१ साली कॉब गेला. पुढे दोन्ही जहाजं पोर्ट्समथला शेजारी शेजारी उभी होती. महायुद्धानंतर ‘इम्प्लॅकेबल’च्या दुरुस्तीला पैसे द्यायला कोणी तयार होईना. २ डिसेंबर १९४९ रोजी दोन्ही देशांचे झेंडे फडकवून, सुरुंग लावून नौदलानेच ते समुद्रात बुडवलं. मानवंदना दिली म्हणे. पैसे द्यायचे होते हो, मानवंदना कसली देता!

असो. ‘त्रिंकोमाली’ १९८७ साली हार्टलपूलला नेली. १९९२ साली तिला तिचं नाव परत मिळालं, आणि २००१ पर्यंत दुरुस्ती चालली. आज ती तिथल्या गोदीत तरंगते आहे. तिकीट काढून आत जाता येतं. वाडियांच्या सुतारांनी बसवलेला साग अजूनही बराचसा तोच आहे.