बशीची तबकडी

आपल्या मराठी घरांतून बश्या काही कमी उडालेल्या नाहीत. पण त्या सगळ्या घरगुती कारणांनी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंतच! आकाशात उडणारी बशी ही मात्र अस्सल अमेरिकन चीज. आणि तीही कारखान्यात नव्हे, वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलेली. आपण तिला ‘उडती तबकडी’ म्हणून घरात घेतलं, हे एका परीने बरंच झालं. ‘उडती बशी’ म्हटलं असतं, तर आमच्या आत्याबाईंनी ‘मग चहा कुठे सांडला?’ एवढंच विचारून विषय संपवला असता.

तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. २४ जून १९४७ चा दिवस. केनेथ अर्नोल्ड नावाचे ३२ वर्षांचे गृहस्थ, धंदा आग विझवण्याची सामग्री विकण्याचा, आपल्या छोट्या विमानातून वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळून चालले होते. त्या भागात लष्कराचं एक विमान बेपत्ता झालं होतं आणि शोधणाऱ्याला ५,००० डॉलरचं बक्षीस होतं. विमान काही मिळालं नाही. दिसल्या त्या नऊ चकचकीत वस्तू, ओळीने चाललेल्या. अर्नोल्डसाहेब हिशेबी माणूस. त्यांनी घड्याळ लावून दोन डोंगरांमधला वेळ मोजला. वेग निघाला ताशी सुमारे १,७०० मैल! त्या दिवसापर्यंत आवाजाच्या वेगाची वेससुद्धा कुठल्या वैमानिकाने ओलांडल्याची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेंडलटन गावच्या ‘ईस्ट ओरेगोनियन’ या पत्राच्या कचेरीत त्यांनी ही हकिकत सांगितली. पुढे त्यांचं म्हणणं असं, की मी चालीबद्दल बोलत होतो. पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा त्या वस्तू जात होत्या. आकार विचाराल, तर त्यांनी लष्कराला काढून दिलेलं चित्र पुढे गोल आणि मागे निमुळतं होत गेलेलं, बुटाच्या टाचेसारखं आहे. पण मथळ्याच्या जागेत टाच कुठली मावायला! ‘उडती बशी’ छापून आली, आणि काही दिवसांतच अमेरिकाभर लोकांना आकाशात गोल गरगरीत बश्या दिसू लागल्या. अर्नोल्डसाहेबांची टाच कुणालाच दिसेना. आधी दिसावं आणि मग छापून यावं, हा जगाचा रिवाज. इथे आधी छापून आलं!

दोन आठवड्यांत रॉसवेलचं प्रकरण झालं. ८ जुलैला तिथल्या विमानतळाने जाहीर केलं, की आम्हाला तबकडी सापडली. ‘रॉसवेल डेली रेकॉर्ड’ने मोठ्या अक्षरांत छापलं. त्याच दिवशी खुलासा आला : तो हवामानाचा फुगा होता हो! तोही छापला. १९९४ साली हवाई दलाने सांगितलं, की ते अवशेष रशियाच्या अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पाच्या फुग्यांचे असावेत. म्हणजे आधीचं खोटं आणि नंतरचं अर्धवट, असं दोन्ही सरकारी तोंडातून ऐकून पत्रांनी मुकाट छापलं. मग लोकांचा विश्वास उडाला, तर दोष एकट्या लोकांना कसा द्यायचा? तबकडी खाली आली, विश्वास मात्र वर गेला तो गेलाच.

त्यानंतर पत्रांनी दुसरी चाल धरली : खुदकन हसण्याची. १९६९ साली हवाई दलाने ‘ब्लू बुक’ प्रकल्प बंद केला, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ चा उलगडा झालेला नव्हता. भाविकांनी ७०१ पाठ केले, टवाळांनी उरलेले. उलगडा न झालेला म्हणजे ‘ठाऊक नाही’ एवढंच, ‘परग्रहावरचे पाहुणे’ असं नव्हे, हे सांगायला कुणालाच रस नव्हता. ‘ठाऊक नाही’ या मथळ्यावर अंक खपतो कुठे?

डिसेंबर २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली, की पेंटॅगॉनने अशा वस्तूंच्या चौकशीवर २ कोटी २० लाख डॉलर खर्च केले. झालं! कालपर्यंत हसणारे एकदम गंभीर झाले. विषय तोच, फक्त पैशाचा आकडा आला, की विनोदाचाही अर्थसंकल्प होतो.

२०२३ मध्ये ‘नासा’च्या समितीने अहवाल दिला. परग्रहावरून कुणी आल्याचा पुरावा नाही, असलेली माहिती तोकडी आहे. आणि टवाळीच्या भीतीने माणसं पाहिलेलं सांगत नाहीत, तीही एक अडचण आहे, असं त्यात म्हटलंय. गंमत इथे संपते. वर दिसलेली वस्तू शेजारी देशाचा फुगाही असू शकते, किंवा भलत्या वाटेने येणारं विमानही. वैमानिक हशाला भिऊन गप्प बसला, तर धोका मंगळावरच्यांना नाही, त्याच्या मागे बसलेल्या प्रवाशांना आहे.

मराठीत तबकडी ग्रामोफोनचीही असते. पिन अडकली, की ती एकच ओळ घोळत राहते. वर्तमानपत्रांची पिन कधी ‘आले, आले’वर अडकते, कधी ‘ही:, ही:’वर. बोटाने हलकेच उचलून ती पुढे ठेवणारा एखादा बातमीदार भेटला, तर पुढचं गाणं ऐकायला मिळेल. कोण जाणे, ते अधिक सुरेलही असेल!