दोन श्रावणांचे इंदूरकर

इंदुरातील मराठी घरात पुणेकर पाहुणा आला की त्याला थट्टेसाठी फार वेळ थांबावे लागत नाही. "बसा, मी चहा टाकून राहिले आहे," एवढे स्वयंपाकघरातून ऐकू आले, की त्याच्या मिशीत हसू फुटते. निरोप घेताना आम्ही "बरं, उद्या मिळू" म्हणतो, तेव्हा तर ते हसू मिशीत मावत नाही. पोह्यांवर खोबरे-कोथिंबीर शोधणाऱ्या त्याच्या हाती आम्ही शेवेची बरणी आणि जिरावण ठेवतो. आम्ही इंदूरकर हे सारे निमूटपणे सोसत आलो आहोत. परंतु या लकबींचा उगम पाहिला तर हसणाऱ्यानेही अंमळ थांबावे असा तो आहे.

मल्हारराव होळकरांबरोबर अठराव्या शतकात माळव्यात शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक आले. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि ही कुटुंबे येथे पक्की रुजली. दप्तर मोडीत, देवघर मराठीत आणि बाजार माळवीत, अशी वाटणी झाली. घराच्या उंबऱ्यावर या भाषा रोज एकमेकींना भेटत राहिल्या. 'टाकून राहिले' हे त्याच भेटीचे फळ. नागपूर-वऱ्हाडकडेही हा प्रयोग ऐकू येतो, कारण तेथेही शेजार हिंदीचाच आहे.

या दुहेरीपणाचा सर्वांत गमतीचा नमुना म्हणजे आमचा श्रावण. उत्तरेकडील महिना पौर्णिमेस संपतो, आमचा अमावास्येस. त्यामुळे शेजाऱ्यांचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. गोकुळाष्टमीस शेजारी भाद्रपद असतो आणि आमच्या घरी श्रावण. कृष्ण मात्र दोन्ही घरी एकाच रात्री जन्मतो. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका कोणाचेच मन मोडत नसत. शेजारणीबरोबर पहिल्या सोमवारचा उपास धरीत आणि आपला श्रावण संपल्यावरच सोडीत. मुलांना पंचेचाळीस दिवस कांदा दिसत नसे.

यात त्यांचा भाबडेपणा होता असे कोणी म्हणेल, तर त्याने उज्जैनकडे पाहावे. तेथील महाकालेश्वराचे मंदिर राणोजी शिंद्यांच्या अमदानीत त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारले. महाकालाची सोमवारची सवारी आजही उत्तरेच्या श्रावणात सुरू होते आणि मराठी श्रावण संपेपर्यंत चालते. प्रत्यक्ष महाकालानेच दोन्ही पंचांगे मानली, तेथे आमच्या आजीने काय करावे?

शहराची वृत्तीही अशीच. मराठी साहित्य संमेलन इंदुरास १९१७, १९३५ व २००१ साली भरले. हिंदी साहित्य संमेलन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथेच १९१८ व १९३५ साली झाले. म्हणजे १९३५ साली एकाच गावाने दोन्ही भाषांचे मांडव घातले. दिवसभर कचेरीत हिंदी टिपणे लिहून संध्याकाळी मराठी नाटकाच्या तालमीस बसणारी आमची पिढी त्याच मांडवाखालची.

असो. थट्टा आम्ही सोसली, पण तिचा एक परिणाम मात्र आम्हांस उशिरा उमगला. पाहुण्यांसमोर लाज वाटू नये म्हणून आम्ही नातवंडांची मराठी सुधारू लागलो. नातू "आजोबा, मी येऊन राहिलोय" म्हणाला, की आम्ही म्हणू, "'येतोय' म्हणावे." दोन-चारदा त्याने ऐकले. पुढे तो सरळ "आ रहा हूँ" म्हणू लागला. त्यात चूक काढता येईना.

तेव्हा ध्यानात आले की आमच्या वाडवडिलांनी दोन्ही श्रावण पाळले म्हणून आमचा श्रावण टिकला. आपलाच तेवढा खरा, असा हट्ट त्यांनी धरला असता, तर घरातल्या मुलांनी सोयीचा तो निवडला असता. हल्ली नातू चुकून "उद्या मिळू" म्हणाला, तर आम्ही मुकाट्याने "हो, मिळू" म्हणतो. पुणेकर पाहुण्यास हसावयाचे असेल, तर त्याने खुशाल हसावे. शेवेची बरणी त्याच्यासमोर ठेवलेलीच आहे.