राजीनामा, लवाद आणि दाभोळ

‘राजीनामा’ हा शब्द आज आपण नोकरी अथवा मंत्रिपद सोडण्याच्या अर्थी योजतो. मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात त्याचा अर्थ जवळजवळ उलट होता. वतनाचा तंटा पंचांपुढे नेताना वादी आणि प्रतिवादी, दोघेही लिहून देत की हे पंच आम्हांस मान्य आहेत व त्यांचा निवाडा आम्ही पाळू. राजी असल्याचा कागद तो राजीनामा. त्याला जामीन जोडला जाई आणि मगच वादाला तोंड फुटे. १८१९च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलुखातील या पंचायतींचे सविस्तर वर्णन केले आहे, त्यांच्या दोषांसह.

आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय लवाद म्हणतो त्याचा पायाही हाच आहे. संमतीवाचून लवाद नाही. परकी कंपनी आणि सरकार यांच्यातील तंटा देशातील न्यायालय वगळून लंडनमध्ये चालतो, याचे कारण सरकारने तसा राजीनामा आधीच लिहून दिलेला असतो: कधी एखाद्या प्रकल्पाच्या करारात, तर कधी दोन देशांमधील गुंतवणूक-संरक्षणाच्या तहात. तंटा लंडनला नेला म्हणून स्वाभिमान दुखावला, असा सूर आपल्याकडे नेहमी लागतो. आम्हांला तो फारसा पटत नाही. गावचे गोत एका पक्षाकडे झुकलेले असेल तर परस्थळी निवाडा मागण्याची सोय आपल्या जुन्या व्यवहारातही होती. तटस्थ जागा शोधणे गैर नव्हे. पाहायचे ते हे की, त्या जागी हजर कोण होते.

जुन्या महजरात हजर असलेल्यांची नावे लिहिली जात. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू अशा निशाण्या खाली उमटत. ही व्यवस्था जातींच्या उतरंडीत बांधलेली होती आणि बलवान देशमुख ती वाकवीतही असत. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही निवाड्याची झळ ज्यांना लागणार त्यांच्यापैकी काहींना समक्ष बसवल्याखेरीज तो पुरा होत नसे, एवढे त्या कागदांवरून दिसते.

आता दाभोळ. प्रकल्प खरे तर दाभोळला नाही. खाडीच्या दक्षिणेस, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात आहे. २० जून १९९२ रोजी एन्रॉनशी प्राथमिक सामंजस्य झाले. १९९३च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचा आकार भरायचाच. वर राज्य सरकारची हमी आणि त्या हमीला केंद्राची प्रतिहमी. वाद झाल्यास लवाद लंडनमध्ये. या राजीनाम्यावर निशाणी मंडळाची होती. आमच्या लोणंदपासून अंजनवेल सह्याद्रीपलीकडे, पण लोणंदच्या शिवारातले विद्युतपंप आणि पेठेतल्या पिठाच्या गिरण्या याच मंडळाच्या विजेवर चालत. म्हणजे मंडळाचे देणे हे अखेर बिल भरणाऱ्याचे देणे होते, आणि तो कोठेही पक्षकार नव्हता.

१९९५च्या मार्चमध्ये राज्यात सत्तांतर झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने करार तपासला आणि ३ ऑगस्ट रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचे विधानसभेत जाहीर केले. कंपनीने तत्काळ लंडनचा लवाद गाठला. सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की मूळ करारच फसवणुकीवर उभा आहे, म्हणून तो अवैध ठरवावा. सबंध प्रकरणात सार्वजनिक हिताचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो या दाव्यात. तो चालला मात्र नाही. लवादाच्या नुकसानभरपाईचे भय पुढे करून वाटाघाटी झाल्या, १९९६च्या आरंभी प्रकल्प अधिक मोठ्या आकारात पुन्हा मान्य झाला आणि सरकारने आपला दावा स्वतःच मागे घेतला. (सुधारित प्रकल्पाच्या प्रतिहमीला केंद्रात १३ दिवस टिकलेल्या सरकारने जाता जाता मंजुरी दिली, हा तपशील कादंबरीत घातला असता तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून काढला असता.) फसवणूक झाली होती की नव्हती? झाली असेल तर तडजोड कशी, आणि नसेल तर करार रद्द का केला? हे विचारणारी याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली, सरकारच्या वर्तनावर मात्र ताशेरे ओढले.

तिकडे ३ जून १९९७च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत घरांत शिरून स्त्रियांना अटक केली. अॅम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच यांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. लवादाच्या कागदपत्रांत अशा नोंदीला जागा असण्याचे कारणच नव्हते. करार विजेचा होता.

मे १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. दर इतके चढले की मंडळाचे देणे थकले, आणि मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडीत काढला. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी मूळ निर्णयप्रक्रियेवरच बोट ठेवले होते. डिसेंबरात अमेरिकेत खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. यानंतर दावे निरनिराळ्या दिशांनी आले. जीई आणि बेक्टेल यांनी आपल्या मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस तहाचा आधार घेतला; कर्ज देणाऱ्या बँकांनी नेदरलँड्स आदी देशांच्या तहांचा. २००३ मध्ये अमेरिकेतील एका लवादाने भारतीय संस्थांनी गुंतवणूक हिरावून घेतल्याचा निष्कर्ष काढला. तो तंटा होता अमेरिकी गुंतवणूकदार आणि त्यांचा विमा उतरवणारी अमेरिकी सरकारी संस्था यांच्यातला. ज्यांच्याविषयी निष्कर्ष निघाला ते पक्षकारच नव्हते. मराठी महजर लिहिणाऱ्या कारकुनाला हे चमत्कारिक वाटले असते.

तहांखालील दाव्यांचे निवाडे लागण्यापूर्वीच जुलै २००५ मध्ये तडजोड झाली: जीईला १४.५ कोटी आणि बेक्टेलला १६ कोटी डॉलर. पुढल्याच वर्षी वॉशिंग्टनच्या गुंतवणूक-तंटा केंद्राने, ज्याचा भारत सभासद नाही, पक्षकार नसलेल्यांनाही लेखी निवेदन देता येईल असा नियम केला. निवेदन घ्यायचे की नाही ते पंच ठरवणार. पण दार किलकिले झाले. भारताने निराळी वाट धरली. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या बाजूने आणि आपल्या न्यायालयांतील दिरंगाईवर निवाडा गेला, तेव्हा सरकार जागे झाले. २०१५च्या नव्या नमुना-तहात गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे देशातील न्यायालयांत दाद मागावी अशी अट आली, आणि जुने बहुतेक तह पुढे संपुष्टात आणले गेले. दिरंगाईबद्दल दोष आला म्हणून त्याच न्यायालयांत पाच वर्षांची सक्ती, हे उत्तर आम्हांला सोयीचे वाटते, पुरेसे नव्हे. १९९६ मध्ये दावा मागे घेतला गेला तो लंडनमध्ये नव्हे, मुंबईतच.

तडजोडीच्या आधीच्या महिन्यात, जून २००५ मध्ये, राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. १९९३च्या राजीनाम्यावर ज्याची निशाणी होती ते मंडळ त्या रूपात उरले नाही. बिले आता महावितरणच्या नावाने येतात.