बाळंतपणात बाई दगावली तर तिची मोजणी कुठे होते? पेण-रोह्यातल्या गावांसाठी माहिती

पेण / रोहा : गावात एखादी बाई बाळंतपणात गेली की आठ-दहा दिवस हळहळ होते. मग दिवसकार्य होतं, बाळ आजीकडे जातं आणि गोष्ट मागे पडते. कागदावर मात्र तो मृत्यू कसा लिहिला गेला, हे फारसं कोणी बघत नाही. ‘बाळंतपणातला मृत्यू’ असं लिहिलं, की नुसतं ‘ताप’ किंवा ‘कावीळ’? फरक मोठा आहे. तालुक्यात अशा मृत्यूंची नोंद झालीच नाही, तर तालुक्यात अडचणच नाही असा अर्थ निघतो. मग रक्तसाठा, भूलतज्ज्ञ, रुग्णवाहिका मागायला हातात पुरावा राहत नाही. म्हणून ही मोजणी कशी होते आणि कुठे चुकते, ते समजून घेऊ.

माता मृत्यू कशाला म्हणतात?

बाई गरोदर असताना, बाळंत होताना, किंवा बाळंतपण, गर्भपात यानंतर ४२ दिवसांच्या आत गेली आणि कारण गरोदरपणाशी जोडलेलं असेल, तर तो माता मृत्यू. दिवस किती भरले होते, मृत्यू घरी झाला की दवाखान्यात की वाटेत, याने फरक पडत नाही. आधीचा आजार, उदाहरणार्थ हृदयाचा विकार किंवा रक्तक्षय, गरोदरपणामुळे बळावून मृत्यू झाला तरी तो यात धरतात. साप चावून किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेली तर धरत नाहीत.

आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण कामाला लागते आणि बाळंतपण संपलं असं घरचे समजतात. पण ४२ दिवस म्हणजे सहा आठवडे, सव्वा महिन्याच्या पुढे अजून चार-पाच दिवस. त्या दिवसांत झालेला मृत्यूही मोजणीत येतो.

दर म्हणजे काय?

एक लाख जिवंत बाळं जन्मली, त्यामागे किती माता दगावल्या, हा माता मृत्यू दर. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे देशाचा हा दर २००४-०६ मध्ये २५४ होता, तो २०१८-२० मध्ये ९७ वर आला. महाराष्ट्राचा याच काळात १३० वरून ३३ वर आला. २०३० पर्यंत जगाचा दर ७० च्या खाली आणायचं उद्दिष्ट आहे. आपलं राज्य त्याच्या बरंच पुढे आहे आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण ३३ हा आकडा अख्ख्या राज्याचा आहे. कातकरवाडीचा, ठाकूरवाडीचा दर त्यातून कळत नाही.

राज्याचा आकडा येतो कुठून?

सरकार प्रत्येक घर मोजत नाही. राज्यभरातून काही गावं आणि शहरी भाग नमुना म्हणून निवडलेले असतात. तिथे गावातलाच माणूस, बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. दोघांच्या याद्या जुळवतात. जुळलं नाही तर परत त्या घरी जाऊन खात्री करतात. मृत्यू कशामुळे झाला, हे घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारून ठरवतात.

एवढं करूनही माता मृत्यू संख्येने कमी असल्यामुळे एका वर्षावर दर काढता येत नाही. तीन वर्षं एकत्र करावी लागतात. म्हणून ‘२०१८-२०’ असं लिहिलेलं असतं.

तालुक्याचा दर का काढत नाहीत?

साधा हिशोब करून बघा. २०११ च्या जनगणनेत पेण आणि रोहा मिळून लोकसंख्या साडेतीन लाखांच्या वर होती. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. त्या हिशोबाने दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला साधारण पाच हजार बाळंतपणं होतील. राज्याचा ३३ चा दर लावला तर वर्षाला एक किंवा दोन मृत्यू येतात.

म्हणजे एका वर्षी एक जास्त झाला तर दर एकदम वर, आणि एक नोंदवायचा राहिला तर निम्मा. त्यामुळे तालुक्याच्या पातळीवर दराला अर्थ नाही. इथे एकेक मृत्यू सापडणं आणि तो का झाला हे कळणं, हीच खरी मोजणी.

मृत्यू सुटतात कसे?

पहिलं कारण, जागा. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. पेणच्या उपजिल्हा रुग्णालयातून बाईला अलिबागला किंवा मुंबईला पाठवलं आणि ती तिथे गेली, तर नोंद तिथली. तिच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला काहीच नाही.

दुसरं, स्थलांतर. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला बाहेर पडतात ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीतल्या आशाताईच्या यादीत बाई आहे, पण बाई तिथे नाही. भट्टीच्या गावातल्या आशाताईला ती आपली वाटत नाही. शिवाय पहिलटकरीण माहेरी येते. सासरच्या गावाला वाटतं माहेरचे कळवतील, माहेरच्यांना वाटतं सासरचे.

तिसरं, लपवाछपवी. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपात होऊन गेली, किंवा मुलगी अविवाहित होती, तर घरचे पोटात दुखत होतं एवढंच सांगतात. कधी कधी तर ती गरोदर होती हेच गावाला ठाऊक नसतं.

चौथं, फॉर्म. मृत्यू नोंदणीच्या फॉर्मवर बाईच्या बाबतीत एक वेगळा प्रश्न असतो : मृत्यू गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर सहा आठवड्यांत झाला का? घाईत हा रकाना कोरा राहतो किंवा ‘नाही’ लिहिलं जातं.

किती मृत्यू सुटू शकतात?

याचा एक मोठा अभ्यास आपल्याच राज्यात झालेला आहे. १९९३ ते ९५ या काळात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बेला गणात्रा आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ४०० गावांत एकाच रजिस्टरवर अवलंबून न राहता अनेक ठिकाणांहून माहिती गोळा केली. १२१ माता मृत्यू सापडले. त्यातले दोनतृतीयांशहून जास्त सरकारी कागदावर माता मृत्यू म्हणून आलेलेच नव्हते.

तसाच त्रास होऊन वाचलेल्या बायकांशी तुलना केल्यावर दिसलं, की दगावलेल्या बायकांच्या घरी निर्णय घ्यायला आणि उपचारापर्यंत पोचायला जास्त वेळ लागला होता. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असं त्यांना जास्त फिरावं लागलं होतं. गावात राहणारी नर्स असणं फायद्याचं ठरलं होतं. गरोदरपणातल्या मृत्यूंमध्ये घरातली मारहाण हे दुसरं मोठं कारण निघालं. आई गेलेल्या बाळांनाही पहिल्या वर्षात मृत्यूचा धोका कितीतरी जास्त होता. हे सगळं कळलं, कारण कोणीतरी घरोघर जाऊन विचारलं.

तो काळ तीस वर्षांपूर्वीचा. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, आशाताई आहे, १०८ आहे. पण मृत्यू सुटण्याच्या वाटा बऱ्याचशा त्याच आहेत.

बहिणींना विचारून मोजणी

जिथे रजिस्टरच नाही तिथे काय करायचं? १९८० च्या दशकात वेंडी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या गांबिया देशात एक पद्धत वापरली. मोठ्या माणसांना चार प्रश्न विचारायचे. तुमच्या आईच्या पोटच्या किती बहिणी लग्नाच्या वयापर्यंत वाढल्या? त्यातल्या किती हयात आहेत? किती वारल्या? वारलेल्यांपैकी किती गरोदरपणात, बाळंतपणात किंवा नंतरच्या सहा आठवड्यांत गेल्या? एका घरातून अनेक बायकांची माहिती मिळते, त्यामुळे कमी घरांत काम भागतं. अडचण एवढीच, की येणारा आकडा साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो. यंदा काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

आशाताईने कळवल्यावर पुढे काय?

सध्याच्या माता मृत्यू आढावा पद्धतीत आशाताईने १५ ते ४९ वयाच्या कुठल्याही बाईचा मृत्यू २४ तासांत आरोग्य यंत्रणेला कळवायचा असतो. कारण काहीही असो, आधी कळवायचं. माता मृत्यू आहे की नाही हे आरोग्य खातं तपासून ठरवतं. वाटलं तर पथक घरी येऊन सविस्तर विचारतं. त्रास कधी सुरू झाला, निघायला उशीर का झाला, गाडी किती वाजता मिळाली, दवाखान्यात पोचल्यावर उपचार कधी सुरू झाले, हे सगळं. बाई दुसऱ्या जिल्ह्यात गेली असेल तर तिच्या मूळ जिल्ह्याला कळवायचं असतं. जिल्ह्याची समिती अहवाल बघते. जिल्हाधिकाऱ्यांपुढे होणाऱ्या आढाव्यात नातेवाइकांना बोलावण्याचीही तरतूद आहे.

ही पोलीस चौकशी नाही. कोणाला दोषी धरायचं नाही, उणीव कुठे होती ते शोधायचं, हे या आढाव्याचं तत्त्व आहे. त्यामुळे घरच्यांनी घाबरून माहिती दडवू नये.

गावाने काय करायचं?

- १५ ते ४९ वयाची कुठलीही बाई वारली तर आशाताईला लगेच सांगा. मृत्यू बाहेरगावी, भट्टीवर किंवा मुंबईच्या रुग्णालयात झाला असला तरी सांगा.
- मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानगीचा व्याप लागतो.
- फॉर्मवरचा गरोदरपणाचा रकाना कोरा सोडू नका. नोंद करताना स्वतः वाचून बघा.
- दवाखान्याचे कागद, दुसरीकडे पाठवल्याची चिठ्ठी, माता-बाल कार्ड फेकू नका. पथक आलं की तेच उपयोगी पडतं.
- कामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबात गरोदर बाई असेल तर कुठल्या गावच्या भट्टीवर चाललेत ते आशाताईकडे नोंदवून जा. कार्ड सोबत ठेवा.
- ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी विचारा : यंदा गावातल्या, वाड्यांवरच्या किती बायका वारल्या आणि त्यातल्या किती रजिस्टरला आहेत?

शेवटचा प्रश्न विचारायला खर्च नाही. ग्रामसेवकाचं रजिस्टर, आशाताईची वही आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांची आठवण, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की सुटलेलं नाव कळतं.