निर्लेखित गणकयंत्रे

निवृत्तीनंतर बंगळुरूच्या जे. पी. नगरात स्थायिक झालो आणि जुनी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे जमविण्याचा छंद जडला. रविवारी बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावरच्या जुन्या बाजारात ती भंगाराच्या भावाने मिळतात. काहींच्या पाठीवर पांढऱ्या रंगातला जडवस्तू क्रमांक अजून वाचता येतो. कोणत्या तरी कार्यालयातून निर्लेखित होऊन लिलावात गेल्याची ती खूण.

पावकी, निमकी, दीडकी मुखोद्गत असलेल्या कारकुनांनी आपले प्रशासन दीर्घकाळ चालविले. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया या हिशेबाला तयार कोष्टकांचा आधार असे. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काच्या दरतक्त्याला आजही 'रेडी रेकनर' म्हणतात, ते याच परंपरेतले नाव. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि पुढच्या यंत्रांची वाट नकळत मोकळी झाली.

ब्रिटनमधील बेल पंच कंपनीचे 'अनिता' हे पूर्णतः इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र १९६१ मध्ये आले. जपानच्या शार्प कंपनीचे १९६४ मधील ट्रान्झिस्टरचे यंत्र सुमारे २५ किलो वजनाचे होते. १९७१ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक मुळात बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी घडविलेला होता. आपल्याकडे शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गणकयंत्रे विकून भांडवल उभारले, मग १९७६ मध्ये एचसीएल स्थापन केली. तीत उत्तर प्रदेश सरकारचा २६ टक्के भाग होता. संगणक उद्योगाच्या पायाशी हे लहानसे यंत्र आहे.

माझ्या संग्रहातील एका यंत्राला वीज जोडली की आठ निळसर हिरवे आकडे उजळतात. आठच! पैशांसह हिशेब करायचा तर ९,९९,९९९.९९ ही त्याची सीमा. त्यापुढे शेवटचा पैसा गळतो. म्हणून रुपयांची आणि पैशांची बेरीज वेगवेगळी करून हातचा शिसपेन्सिलीने मांडावा लागे. जुन्या नोंदवहीच्या समासातल्या अशा उपबेरजा कारकुनाच्या अडाणीपणाच्या नव्हेत, दक्षतेच्या खुणा असतात. पण यंत्र समोर नसेल तर हे उमगणार कसे?

निर्लेखनाच्या अशा याद्यांवर सेवेत असताना मीही सह्या केल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर न वाचता. नियमाप्रमाणे त्यात काही चूक नव्हती. निरुपयोगी वस्तूने जागा अडवू नये, हे योग्यच. परंतु आपण आकडे अभिलेखागारात जपतो आणि ते आकडे ज्यावर घडले ते साधन भंगारात काढतो, याची तेव्हा जाणीव नव्हती. प्रत्येक विभागाने लिलावापूर्वी प्रत्येक प्रकारचे एक यंत्र, ते कसे वापरले जाई याच्या टिपणासह, राखून ठेवावे, एवढीच सूचना आहे. खर्च एका कपाटाचा.

तोवर माझे कपाट आहेच.