पिक्नोडस

पिक्नोडस : अस्थिमत्स्यांच्या पिक्नोडाँटिफॉर्मीस गणातील एक विलुप्त वंश. दोन्ही बाजूंनी चपटे, उंच, जवळजवळ वर्तुळाकार शरीर आणि टाळूवर व खालच्या जबड्यावर ओळींनी बसलेले गोलसर, भक्कम दात ही त्याची ओळख. शिंपल्यांसारखे कवचधारी प्राणी तो भरडून खात असावा. वंश स्थापन केला लुई अ‍ॅगासी यांनी, १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात. प्रारूप जाती पि. अ‍ॅपोडस हिचे पूर्ण सांगाडे इटलीतील माँते बोल्काच्या इओसीन चुनखडकात मिळतात आणि तो खडक निर्विवाद सागरी आहे.

महाराष्ट्रात हे नाव आले ते चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावमुळे. तेथील लॅमेटा थरांतून आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये पि. लॅमेटी ही जाती वर्णिली. एवढ्यावरून क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस समुद्र विदर्भात शिरला होता असे मानणे घाईचे होईल. त्याच परिसरातील थरांत गार मासे आहेत, कासवे आहेत, आयसीसॉरस हा अवाढव्य डायनोसॉरही आहे. गाळाची ठेवणही तळ्याची आहे. या गणातले बहुतेक मासे सागरी होते, हा आक्षेप खरा. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. स्पेनमधील लास ओयास येथे गोड्या पाण्यात साचलेल्या थरांतून पिक्नोडाँट मिळाले आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छिंदवाड्याजवळ झिलमिली येथे लाव्हाथरांमधील गाळात प्लवक फोरामिनिफेरा सापडले, म्हणजे मध्य भारतात खारे पाणी कधीतरी आले होतेच. मात्र ते जीव डेनियन काळाच्या आरंभीचे, लॅमेटा थरांनंतरचे. नंतरच्या पाण्याची साक्ष आधीच्या तळ्याला लावता येत नाही. शिवाय अलीकडच्या पुनर्विचारात या वंशाची व्याख्या आवळली गेली असल्याने, केवळ दातांवरून ओळखलेल्या जाती त्यात ठेवाव्यात का, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा समुद्र कुठे होता हे ठरवताना आजच्या नकाशाचाही उपयोग नाही. कर्जत आणि खालापूर हे तालुके समुद्रापासून जवळ, तरी तिथे अशा माशाचा शोध व्यर्थ आहे: भोरघाट, माथेरान हा सारा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि पश्चिम किनारा त्यानंतर, सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटल्यावर घडला. तिथल्या काळ्या कातळातले पांढरे गोल ठिपके दातांसारखे भासले, तरी ते लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत साचलेले झिओलाइट वा क्वार्ट्‌झ असतात.